कडब्यात शिजलेले कडबू

रुद्राणी अक्कलकोटाकडच्या खेड्यातून लग्न होऊन सोलापुरात आली, तेव्हा माहेरच्यांनी बरोबर दिलेल्या सगळ्या वस्तूंत धारेची वस्तू एकच होती, तिची जीभ. मंगळवार पेठेतल्या त्या घरात विळी होती, अडकित्ताही होता. पण रुद्राणी आल्यापासून दोन्ही बोथट वाटायला लागले, असं शेजारणी म्हणायच्या.

तिचा नवरा शरणप्पा गिरणीत आगवाला होता. काम सरळ होतं. बॉयलरचं तोंड उघडायचं, फावड्यानं दगडी कोळसा आत ढकलायचा, तोंड बंद करायचं. पण घरी येऊन पाटावर बसला की तो अशा थाटात बोलायचा, जणू गिरणीतल्या हजारो चात्या त्याच्या एका फुंकरीवर फिरतात.

“वाफ म्हंजे काय खायचं काम न्हाय,” मिशीवर बोट फिरवत तो म्हणायचा.

“आमच्यात तर खायचंच काम हाय की,” रुद्राणी चुलीपाशी बसून म्हणायची, “आन् ते एकटीलाच करावं लागतंय.”

घरात नऊ माणसं. रोजच्या भाकऱ्यांचं काही नव्हतं, हात चालला की झालं. खरा कस लागायचा नागपंचमीला. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही, कढई तर बघायचीसुद्धा नाही. नागोबाला इजा होते. मग उरलं काय? वाफवणं. शेजारच्या मराठा बायका दिंडं करायच्या, रुद्राणीच्या सासरी कडबू व्हायचे; करंजीसारखे मुडपलेले, पोटात पुरण, आणि तळायच्या ऐवजी वाफवलेले. नऊ माणसं घरची, पंचमीला माहेरी आलेल्या दोन नणंदा, त्यांची पोरं, शिवाय मठातले अय्या. अय्या म्हणजे घरचे गुरू, जंगम. ते एकटे यायचे, पण जेवायचे चौघांचं.

पितळी पातेल्यात पाणी, पातेल्यावर चाळण, चाळणीत एका वेळी बारा कडबू, वर झाकण. असे सहा-सात घाणे. पहाटे पेटवलेली चूल दुपार कलेपर्यंत विझायची नाही. श्रावणातलं बाभळीचं लाकूड ओलं असायचं आणि ते वखारीतून डोक्यावर वाहून आणायलाही रुद्राणीच लागायची. नागोबाला दिवसभरात कसली इजा व्हायची नाही. रुद्राणीच्या डोळ्यांना, कमरेला आणि छातीला काय व्हायचं, ते विचारायला कुठलाच नाग वारुळातून वर आला नव्हता.

त्यात सासू मल्लव्वा. कन्नड रीतीप्रमाणे रुद्राणी तिला ‘अत्ती’ म्हणायची. अत्तीचा वाफेवर भक्तिभाव होता, विश्वास नव्हता. दर दोन मिनिटांनी ती झाकण उचलायची.

“वाफ आलीया का बघू दे की.”

“आलती. आता गेली.”

“कुटं गेली?”

“वर, माळवदाकडं. तुमीच वाट दावलीत.”

एकोणतीस सालच्या पंचमीच्या आदल्या दिवशी शरणप्पाचा चुलतभाऊ चन्नवीर बार्शीहून आला. बार्शीला तो कापडाच्या दुकानात होता आणि वर्षातून एकदा पुण्याला जाऊन यायचा, त्यामुळं जगात काय चाललंय हे आपल्याला कळतं असं त्याला वाटायचं. यंदा त्यानं धोतरात गुंडाळून एक पितळी उभा डबा आणला होता. त्याच्या पोटात एकावर एक बसणारे तीन लहान डबे, तळाला इवलीशी शेगडी, वर घट्ट झाकण आणि झाकणाला हरभरा जाईल एवढं एक भोक.

“कुकर म्हणत्यात ह्याला,” चन्नवीर म्हणाला. “मूठभर लोणारी कोळसा टाकायचा आन् बाहेर जाऊन बसायचं. तासाभरात भात, वरण, भाजी तयार. धूर न्हाय, फुंकणं न्हाय. पुण्याच्या बायका आता नुसत्या वाचत बसत्यात.”

रुद्राणीनं डबा हातात घेऊन उलटासुलटा केला. तिला तो आवडला. मूठभर कोळसा हा शब्द तर फारच आवडला. मग तिनं मापासाठी कणकेचे रिकामे कडबू वळून वरच्या डब्यात ठेवून पाहिले. चार बसले.

“तीन डब्यांत बारा,” ती म्हणाली. “पुण्यात अय्या जेवायला येत नसतील.”

शरणप्पा मात्र डब्याकडं तज्ज्ञाच्या नजरेनं बघत होता. त्याचं बोट झाकणावरच्या भोकावर थांबलं.

“हे भोक कशाला?”

“वाफ जायाला,” चन्नवीर म्हणाला.

“वाफ जायाला?” शरणप्पाला मनापासून हसू आलं. “अरं, आमी तिकडं दिवसभर घाम गाळून वाफ धरतुया आन् तुझ्या पुण्याचे शहाणे भोक पाडून सोडत्यात व्हय? म्हणून तासभर लागतोय. धरली तर पाव तासात शिजंल.”

“धरू नगा,” रुद्राणी म्हणाली. कारण तिला ठाऊक नव्हतं. पण नवऱ्याला काही सुचलं की घरातलं काहीतरी मोडतं, एवढं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर नेहमीचे घाणे चालूच होते. ओसरीवर बारा कडबू भरून कुकर मांडला होता आणि बघायला निम्मी गल्ली जमली होती. अय्या नुकतेच पाय धुऊन पाटावर बसले होते, कुकरपासून तीन हातांवर. शरणप्पानं आदल्या रात्रीच तासून ठेवलेली चिंचेच्या लाकडाची खुटी भोकात ठोकली. मग झाकणाच्या कडेला कणीक लावून वरून गिरणीतनं आणलेल्या तारेनं ते असं करकचून आवळलं, की माजलेल्या म्हशीलाही सुटता आलं नसतं.

पाव तास होत आला. डबा गुणगुणायला लागला. मग गुणगुण थांबली आणि डबा जागच्या जागी हलायला लागला.

“बघा,” शरणप्पा गल्लीला म्हणाला, “आता वाफ कामाला लागली.”

वाफ लागलीच कामाला. धाड्दिशी आवाज झाला. झाकण तुळईवर आपटून अंगणात जाऊन पडलं. मधला डबा मोरीत गेला. राखेचा एक ढग उठला, आणि तो बसला तेव्हा दिसलं, की कडबू काही खाली आलेच नाहीत. दोन तुळईला चिकटले होते, एक नागोबाच्या चित्रावर, आणि बाकीच्यांचं पुरण अय्यांच्या दाढीत सुखानं नांदत होतं. कुणाला भाजलं नाही, ही सिद्धेश्वराची कृपा. अय्यांनी डोळे मिटून “शिव शिव” म्हटलं, दाढीला हात लावला, बोट जिभेला लावलं आणि म्हणाले, “वेलदोडा जास्त झालाय.”

गल्लीत हसू फुटलं. शरणप्पा राखेनं काळा झालेला उभा होता. त्याच्याकडं बघून रुद्राणीलाही हसू येत होतं, पण खाली मोरीत पडलेला चेपलेला डबा तिनं उचलला तेव्हा तिचं हसू गेलं. मूठभर कोळशाचं ते स्वप्न एका खुटीनं मारलं होतं. ती परत चुलीपाशी जाऊन बसली. अजून पाच घाणे बाकी होते.

चन्नवीर जेवून तडक बार्शीला गेला. कुकर इथंच राहिला, त्याच्या डब्यांत अत्तीनं हळद आणि मीठ भरून ठेवलं.

दसऱ्याला गिरणीत यंत्रांची पूजा व्हायची. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे. रुद्राणी दरवर्षी जायची आणि दरवर्षी तिला तेच वाटायचं, की एवढं मोठं यंत्र, एवढं तेल, एवढा गुलाल, आणि कुणाचा एक घास म्हणून यातून शिजत नाही. यंदा शरणप्पा तिला बॉयलरघरात घेऊन गेला. पंचमीनंतर घरात कुणी त्याला वाफेबद्दल बोलू देत नव्हतं. निदान इथं तरी तो बोलू शकत होता.

बॉयलरच्या पाठीमागून जाडजूड नळ निघून भिंतीतून यंत्रांकडं गेले होते. त्यांच्यावर काथ्याचे दोर गुंडाळले होते, दोरांवर मातीचा लेप, वर गोणपाट शिवलेलं. रुद्राणीनं हात लावला. नळ साधा कोमट होता.

“ह्याच्यात वाफ हाय?” तिनं विचारलं.

तिथं नळांचं काम बघणारा मल्लप्पा मिस्त्री उभा होता. म्हातारा, एका डोळ्यानं अधू. “हाय की,” तो म्हणाला. “उघड्या नळाला हात लावलास तर कातडं जाईल.”

“मग ह्याला वाकळ कशाला घातलीया? थंडी वाजतीया?”

मल्लप्पा हसला. “बाई, नळ उघडा ठिवला तर निम्मा कोळसा भिंतीच तापवायला जातोय. जाळ घालणं सोपं हाय. घातलेली ऊब धरून ठिवणं, ते काम. आग हा लावतोय,” त्यानं शरणप्पाकडं बोट केलं, “पण गिरण चालतीया ह्या वाकळंवर.”

शरणप्पाला हे आवडलं नाही. रुद्राणी मात्र तिथंच उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर तिचं पितळी पातेलं आलं. बिचारं उघडंनागडं, चुलीवर बसलेलं. चारी बाजूंनी वारा, वरून अत्ती. आपण इतकी वर्षं कडबू वाफवत नव्हतोच. आपण सोलापूर तापवत होतो, आणि सोलापूरला त्याची काही गरज नव्हती.

घरी येऊन तिनं पहिला प्रयोग केला तो चादरीवर. शरणप्पाच्या लग्नातली जाड चादर पेटीत होती. मुगाची डाळ दोन उकळ्या येईपर्यंत चुलीवर ठेवली, मग पातेलं उतरवून चादरीत गुंडाळलं. डाळ शिजली. चादरही शिजली, तळाच्या काजळीखाली एक ठिणगी जिवंत होती, तिनं चादरीला ताटाएवढं भोक पाडलं.

“माझी लग्नातली चादर!” शरणप्पा ओरडला.

“वाफ जायाला भोक नगं का?” रुद्राणी म्हणाली.

त्यानंतर दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिला ते दोन दिवस प्रयोगांना सोयीचे गेले.

चादर नको हे कळलं. कापूसही नको, तोही ठिणगीला भुलतो. मग तिची नजर गोठ्यात गेली. घरात एक म्हैस होती, तिच्यासाठी ज्वारीचा कडबा तोडून त्याची कुट्टी करून ठेवलेली असायची. रुद्राणीनं वेळूची मोठी पाटी घेतली. आतून शेणामातीनं लिंपून उन्हात वाळवली. तळाला कुट्टी दाबून बसवली, तिच्यावर एक सपाट दगड ठेवला, म्हणजे पातेलं कडब्याला न टेकता दगडावर बसेल. पातेल्याभोवती चारी बाजूंनी कुट्टी ठासली, आणि वरून झाकायला गोणपाटाची उशी शिवली, तिच्यातही कुट्टीच.

अत्ती हे सगळं दारातून बघत होती.

“हे काय चाललंय?”

“कडबू शिजवायची जागा करतीया.”

“कडबू? कडब्यात?” अत्तीनं कपाळाला हात लावला. “अय्य शिवने! मग म्हशीला काय पुरण घालणार हैस?”

हा विनोद तासाभरात गल्लीभर झाला आणि पुढं चार महिने पुरला. पाण्याला गेलं की बायका विचारायच्या, “रुद्राणी, आज म्हशीला किती वाढलंस?” ती म्हणायची, “तुमच्या घरच्यांपेक्षा कमीच खाती ती.”

पण प्रयोग सोपे नव्हते. पहिले कडबू कच्चे राहिले. पाणी फार कमी घेतलं होतं, ऊब धरायला पोटात काही असावं लागतं. दुसरे लगद्यासारखे झाले. पाणी फार झालं आणि उकळी चाळणीत शिरली. तिसरे शिजत आले होते, तेवढ्यात अत्तीनं उशी बाजूला करून झाकण उचललं.

“बघत हुते.”

“काय दिसलं?”

“काय न्हाय, धूर.”

“तोच शिजवत हुता, अत्ती. गेला.”

थंडी संपेपर्यंत तिच्या हाताला सगळं लागलं. चाळण एकच का? तिनं बुरडाकडून पातेल्याच्या मापाच्या तीन वेळूच्या चाळण्या करून घेतल्या, एकीवर एक बसणाऱ्या. झाकणाची कड कणकेनं लिंपायची, पण एका जागी काडीएवढी फट सोडायची. हे शरणप्पानं न शिकवता शिकवलं होतं. पातेल्यात एक गुळगुळीत खडा टाकायचा. पाणी उकळायला लागलं की तो खडखडतो, म्हणजे उघडून बघायची गरज नाही. आणि शेवटची गोष्ट अत्तीची. तिला झाकणापासून दूर ठेवायला रुद्राणीनं उशीवर विभूतीच्या गोट्या आणि शिवलिंगाची तसबीर ठेवायला सुरुवात केली. अत्ती देवाला हलवून वाफ बघेल, एवढी पुढारलेली नव्हती.

पुढची पंचमी आली. तीन चाळण्यांत मिळून छत्तीस कडबू, असे दोन घाणे. तुराट्यांचा एक भारा आणि बाभळीच्या दोन ढलप्या, एवढंच सरपण. खडा चांगला खडखडू लागला, तशी अर्धी घटका वाफ भरू दिली आणि पातेलं उतरवून पाटीत गेलं. दुसऱ्या घाण्यासाठी बुरडाकडून आणखी तीन चाळण्या घेतल्या होत्या आणि शेजारच्या मथुराबाईकडून पातेलं मागून आणलं होतं, तेही दुसऱ्या पाटीत गेलं. सूर्य पुरता वर यायच्या आत चूल विझली.

घरात शांतता पसरली. अशी शांतता त्या घरात पंचमीला कधी ऐकू आली नव्हती. नणंदा अस्वस्थ होऊन इकडंतिकडं बघायला लागल्या. पोरं झोक्यावरून उतरून बघायला आली.

मग अय्या आले. यंदा त्यांनी पाट स्वतः उचलून भिंतीला लावला आणि तुळईकडं बघून खात्री करून घेतली. चुलीत विस्तव नाही हे दिसल्यावर त्यांचा चेहरा पडला.

“आज उपास हाय काय?”

“न्हाय, अय्या. शिजतंय.”

“कशावर?”

रुद्राणीनं पाट्यांकडं हात केला. अत्तीला हीच वेळ हवी होती. पदर सावरून ती पुढं आली. “अय्या, तुमीच सांगा. बिनइस्तवाचं शिजलेलं नैवेद्याला चालतंय का? जाळाशिवाय शिजतंय म्हंजे भुताटकी की न्हाय?”

प्रश्न मोठा होता. अय्यांनी डोळे मिटले.

“शास्त्र म्हणतं,” अय्या म्हणाले, आणि शास्त्र काय म्हणतं ते आठवेना म्हणून थोडं थांबले, “आधी बघावं लागंल.”

रुद्राणीनं देव उचलून कोनाड्यात ठेवला, उशी काढली, कणकेची कड फोडली. वाफेचा असा लोट आला की अत्ती दोन पावलं मागं सरली. कडबू चकचकीत, फुगलेले, एकही फुटलेला नव्हता. नैवेद्याचं पान बाजूला काढून तिनं अय्यांच्या ताटात पाच वाढले आणि वर तुपाची धार सोडली.

पाच संपले. अय्यांनी ताट पुढं केलं. आणखी चार संपले.

“निर्णय?” अत्तीनं विचारलं.

“तळचे कसे हायत ते कळल्याबिगर निर्णय देता येत न्हाय.”

तळच्या चाळणीतले पाच गेले. मग अय्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि बोलले, “मल्लव्वा, पोटात अन्न शिजतं ते कुठल्या चुलीवर? तितं इस्तव दिसतो का? शिवानं वाफ पोटात कोंडली, तुझ्या सुनेनं पाटीत कोंडली. चालतंय.” आणि लगेच, “आणखी दोन वाढ.”

बाहेर ओसरीवर शरणप्पा गिरणीतल्या दोघा-तिघांना घेऊन बसला होता. त्याचा आवाज आत येत होता. “वाफेचं कसं असतंय, घरच्यांना समजावून सांगावं लागतंय. मीच बॉयलरघरात नेलं, सगळं दावलं. माझ्याकडनंच शिकली.”

रुद्राणी ताट घेऊन बाहेर आली. “व्हय,” ती पाहुण्यांना वाढत म्हणाली, “ह्यांच्याकडनंच शिकले. वाफ कशी कोंडू न्हाय, ते.”

पाहुण्यांना तुळईवरचे डाग दिसत होते. ते इतके हसले की एकाला ठसका लागला. शरणप्पानं मान खाली घालून कडबू तोंडात घातला. चावला. मग आणखी एक घेतला. “बरे झाल्यात,” तो पुटपुटला, आणि त्याच्या तोंडून रुद्राणीच्या स्वयंपाकाबद्दल निघालेलं ते पहिलंच वाक्य असल्यामुळं तिनं त्याला न विचारता आणखी दोन वाढले.

त्या वर्षी दिवाळीच्या आत गल्लीत सात पाट्या झाल्या. मथुराबाई सर्वांत आधी आली, म्हशीचा विनोद सर्वांत जास्त तिनंच केला होता. रुद्राणी घरोघर जाऊन कुट्टी किती दाबायची, दगड कसा बसवायचा, सासू कशी लांब ठेवायची हे दाखवायची. तिसरी गोष्ट शिकायला बायका जास्त लक्ष द्यायच्या. पुढं चौतीस साली गिरण्यांत मोठा संप झाला. तीन महिने चिमण्यांतून धूर नव्हता आणि कित्येक घरांत सरपण नव्हतं. त्या दिवसांत ज्वारीच्या कण्या आणि हुलगे सकाळी एका उकळीवर पाटीत जायचे आणि संध्याकाळी निघायचे. एका घरची चूल पेटली की शेजारच्या दोन घरची पातेली त्याच जाळावर उकळी काढून न्यायची. शरणप्पा घरीच असायचा. बॉयलर थंड, फावडं कोपऱ्यात. एक दिवस तो गुपचूप गोठ्यात बसून कुट्टी करताना दिसला. रुद्राणीनं बघितलं आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.

अत्ती मात्र शेवटपर्यंत बधली नाही. पाटीतलं जेवायची, बोटं चाटायची आणि “चुलीवरच्याची सर न्हाय” म्हणायची. तिच्या म्हातारपणी दात गेले, तेव्हा तिला रोज ज्वारीची मऊ उकड लागायची. रुद्राणी ती सकाळी पाटीत लावून द्यायची आणि पाटी अत्तीच्या अंथरुणाजवळ ठेवायची. उशीची ऊब पायांना बरी वाटते, असं अत्तीनं एकदा कबूल केलं. मग थंडीच्या दिवसांत ती पाटीला पाय लावूनच पडायची, आणि कुणी झाकण उचलायला आलं की तिथूनच ओरडायची:

“हात लावू नगंस! माझी ऊब जातीया.”